ओके म्हणा आणि मोकळे व्हा

आयुष्यात कशाचीच जबाबदारी घ्यायची नसेल तर इंग्रजीतला एकच शब्द पाठ करा. ओके. तब्येत कशी आहे? ओके. म्हणजे चांगली आहे. सिनेमा कसा होता? ओके. म्हणजे फालतू होता. आहे की नाही सोय!

भांडणात तर ओके आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम. समोरच्याची झोप उडालीच पाहिजे.

ऑफिसात मात्र हा शब्द खरा फुलतो. कोणी विचारलं की सर दोन ड्राफ्ट पाठवलेत, पहिला पुढे पाठवू की दुसरा, तर शांतपणे लिहा 'ओके'. मला परवा हेच उत्तर आलं. आता पहिला ओके, दुसरा ओके, की नुसता मेसेज मिळाला ते ओके? परत विचारलं तर परत 'ओके', यावेळी सोबत अंगठा. वेळ संपत आलेली म्हणून पहिला पाठवला, तर संध्याकाळी फोन, की मी हो कधी म्हटलं, मी तर फक्त बघितलं म्हणालो, आणि दुसरा पाठवला असता तरी हेच ऐकलं असतं हे मला माहितीये आणि त्यांनाही माहितीये, कारण काम नीट झालं की ओके म्हणजे 'मीच सांगितलं होतं' आणि फसलं की ओके म्हणजे 'मी कुठे काय बोललो'!

कोणी फारच नडलं तर इतिहास सांगा. 1839 साली बॉस्टन मॉर्निंग पोस्ट नावाच्या पेपरात हा शब्द छापून आला तोच गंमत म्हणून. 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून 'oll korrect' करायचं आणि दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर घ्यायचं. म्हणजे 'सगळं बरोबर' हेच मुळात चुकीचं लिहिलेलं. तुमचा दोष नाहीच.

फक्त कॅनडात जरा जपून. तिथे सस्कॅचवानमधल्या एका शेतकऱ्याला धान्य घेणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, कन्फर्म करा म्हणून. त्याने अंगठा पाठवला, जवस काही दिलं नाही, आणि कोर्टात म्हणाला की अंगठा म्हणजे फक्त मिळालं. (ओळखीचं वाटतंय ना?) 2023 मध्ये जज म्हणाले, आधीच्या करारांना तू नुसतं 'ओके', 'यप' असंच लिहायचास आणि माल द्यायचास, मग हा अंगठाही होकारच. बसला 82 हजार डॉलरचा फटका. वाचून जीव गार झाला माझा.

आमच्याकडे कोण जातंय कोर्टात! म्हणून तर चाललंय तुमचं. अहो, हो की नाही विचारलं तर हो किंवा नाही लिहा, ठरवायचं नसेल तर 'उद्या सांगतो' लिहा, तेवढ्याने बोटं झिजत नाहीत. समोरचा काम अडवून तुमच्या उत्तराची वाट बघत बसलाय आणि तुम्ही दोन अक्षरं फेकून चहाला जाता. एवढाच कंटाळा असेल तर मेसेज उघडूच नका, म्हणजे आम्ही सरळ तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहू.