अनुकंपा नियुक्तीवरचा प्रिंटर

मंडळाच्या गणेशोत्सवाच्या भोजन समितीचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली, तेव्हा मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, सुरू होता होईना अशा कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरणारे ठिपके बघत बसलो होतो. बैठक ऑनलाइन होती. गेल्या वर्षीचा हिशेब कॉम्प्युटरात, त्यामुळे मोबाईलवरून जाऊन काही उपयोग नव्हता. मी आत शिरलो तेव्हा अध्यक्ष आभार मानत होते. ‘गैरहजर राहून निवडून आलेले एकमेव उमेदवार’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. माइक चालू ठेवून हसले. भोजन समिती म्हणजे काय, हे इंदुरात ज्यानं पंगत वाढलीय त्यालाच कळेल. इथे निम्म्या पानांना वरणात गूळ हवा असतो, उरलेल्या निम्म्यांना त्याच वरणावर शेव, आणि दोन्हीकडच्या शिव्या एकाच माणसाला.

दुसऱ्या दिवशी जेल रोड गाठला. दुकानातल्या पोरानं मशीन उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. ‘‘भिया, एसएसडी डलवा लो, उड़ने लगेगा.’’ त्याचं चूक नव्हतं. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारणारी, जुन्या जमान्यातली. एसएसडीत, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. पण मला डिस्क बदलायची नव्हती. मला नावं हवी होती. ज्यांच्यामुळे मी भोजन समितीवर गेलो, त्यांची.

नावं मिळतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांचं हजेरीपुस्तक, उघडतो. त्यात स्टार्टअपचा एक कप्पा आहे. आधी ही यादी एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्याच दुसऱ्या खिडकीत असायची, २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ती इथे राहायला आली. कॉम्प्युटर सुरू होताच आपणहून उठून बसणाऱ्यांची ही यादी, आणि शेजारी प्रत्येकाचा उपद्रव: हाय, मीडियम, लो.

यादी उघडली आणि त्याच क्षणी खालच्या मजल्यावरचे काका माझं अभिनंदन करायला आले.

काका राज्य सरकारच्या एका खात्यात, स्थापना शाखेत बडे बाबू होते. नेमणुका, बदल्या, रजा, चौकश्या यांत सगळी उमर गेली. निवृत्तीनंतर त्यांना फाईल अशी मिळालेली नाही. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावलं.

‘‘पदं किती मंजूर आहेत?’’

‘‘काका, हे प्रोग्राम आहेत.’’

‘‘ते कळलं. मंजूर किती, भरलेली किती?’’

मंजूर एकही नव्हतं, असं मी सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. ‘‘म्हणजे सगळी भरती बेकायदा! वाच.’’

मी वाचू लागलो. पहिलं नाव निघालं ते बैठकीच्या ॲपचं. हाय. म्हणजे ज्या बैठकीला मला उशीर झाला, तिचं ॲप स्वतः वेळेवर हजर होतं, आणि त्याच्या त्या वक्तशीरपणानंच मला उशीर झाला होता.

‘‘हे हाय कुणी ठरवलं?’’

‘‘विंडोजनं. सुरू होताना सीपीयूचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचा, एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त ये-जा केली, की हाय. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी, दोन्हींच्या आत राहिला तर लो. मधले मीडियम.’’

‘‘म्हणजे जो जास्त खातो तो हाय. ठीक. आमच्याकडेही असंच होतं. पुढे.’’

पुढे ‘नॉट मेझर्ड’ होता. ‘‘याची सीआर, गोपनीय अहवाल, लिहून आलेली नाही. परिवीक्षेवर ठेव.’’ मग गाण्यांचं ॲप. मग फायली आभाळात चढवणारं. मग भाचा सुटीत येऊन खेळून गेला त्या गेमचं दुकान, जे भाचा पुण्याला परत गेल्यावरही रोज सकाळी शटर वर करत होतं. मग मुदत संपलेला अँटिव्हायरस. हा फक्त आपली मुदत संपली आहे, एवढं सांगायला उठतो.

‘‘सेवानिवृत्त,’’ काका म्हणाले, ‘‘पण पेन्शनचं विचारायला रोज येतो. वाईट वाटतं रे अशांचं.’’

आणि मग प्रिंटरचा साहाय्यक. आता गोष्ट अशी की प्रिंटर घरात नाही. त्यात शाई ओतून ओतून आम्ही थकलो आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला दिला. साहाय्यक मात्र रोज हजर. उठायचं, प्रिंटर शोधायचा, न मिळाल्यावर शाई किती उरली ते विचारत बसायचं.

काका बराच वेळ गप्प राहिले. ‘‘प्रिंटर वारला ना?’’

‘‘गेला.’’

‘‘मग ही अनुकंपा नियुक्ती आहे. याला हात नको लावू. कोर्टात जाईल.’’

मग मी बैठकीच्या ॲपवर उंदराचं उजवं बटण दाबून ‘डिसेबल’वर आणलं, तसा काकांनी माझा हात धरला. अक्षरशः धरला. ‘‘अरे, थेट कारवाई? कारण बताओ नोटीस नाही, जांच नाही? याचा अर्थ काय, काढून टाकतोस?’’

काढत नाही, मी म्हणालो. प्रोग्राम कॉम्प्युटरात राहतो, आपण बोलावला तर येतो, फक्त आपणहून उठत नाही. कायमचा काढायचा तर अनइन्स्टॉल वेगळं.

‘‘म्हणजे निलंबन. बडतर्फी नाही. मग कर. निर्वाह भत्ता किती देतो?’’

‘‘डिस्कवर जागा अडवून बसतो, तोच.’’

‘‘पुरे आहे,’’ काका म्हणाले, आणि आत डोकावून म्हणाले, ‘‘वहिनी, चहा चालेल.’’

चहा येईपर्यंत मी त्यांना दुसरी फाईल दाखवली. ती दाखवायला नको होती, पण मला राहवलं नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक रोजनामा असतो. त्यात खूप खोलवर ‘डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स’ नावाच्या कप्प्यात १०० नंबरची नोंद असते: कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागला. माझ्या नोंदीत लिहिलं होतं २,१४,७३६.

‘‘रुपये?’’

‘‘मिलिसेकंद. साडेतीन मिनिटं. आणि ही १०१ नंबरची बघा, हिच्यात उशीर करणाऱ्या ॲपचं नावसुद्धा असतं.’’

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘विंडोजनं स्वतः.’’

‘‘म्हणजे याला सगळं माहीत होतं? कोण खातो, किती खातो?’’

‘‘हो.’’

‘‘मग कारवाई का नाही केली?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांकडे होतं. ‘‘नोंद घेतली, फाईल नस्तीबद्ध केली,’’ ते समाधानानं म्हणाले. ‘‘कुणीतरी चांगला माणूस बसलाय वर.’’

काकांना मजा येत होती. मला येत नव्हती. हे यंत्र मी पैसे मोजून घेतलं, पासवर्ड माझा, विजेचं बिल माझं, आणि सकाळी रांगेत शेवटचा मी. यातल्या कुणालाही मी बोलावलेलं नाही. कुठल्या तरी इन्स्टॉलच्या वेळी, खाली कोपऱ्यात, फिकट अक्षरांत एक चौकट असते आणि तिच्यावर बरोबरची खूण आधीच मारलेली असते. काही जण तेवढाही मुलाहिजा ठेवत नाहीत. प्रत्येकाचा हिशेब सरळ आहे: आपण आधीच उठून बसलो, की माणसानं टिचकी मारताच झटकन उघडणार आणि तो म्हणणार, वा, काय वेगवान ॲप आहे. त्यांच्या त्या वाहवाचे सेकंद माझ्या मिनिटांतून कापून जातात. बारा जण बारा सेकंद खातात आणि प्रत्येक जण म्हणतो, माझ्यानं असा काय फरक पडतो. नव्या मशीनबरोबर तर अर्धी मंडळी दुकानातूनच बसून येतात. गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही, विचारायची पद्धतच नाही.

असो. चहा आला.

‘‘रात्री बंद केल्यावर हे सगळे घरी जातात ना?’’ काकांनी बशीत चहा ओतत विचारलं.

ॲपं जातात, मी म्हणालो, विंडोज पुरतं जात नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतात आणि सकाळी तिथूनच उचलतात. साफ कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्ट करायचं.

‘‘चपरासी घरी जातात आणि साहेब ऑफिसातच झोपतो. आमचे एक होते असे.’’ ते कोण, कुठल्या जिल्ह्यात आणि का झोपत, यात चहा संपला. कथा चांगली होती, पण लिहिण्यासारखी नाही.

मग मी ऑटोरन्स काढलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचं हे हत्यार. ती कंपनी मायक्रोसॉफ्टनं २००६ साली विकत घेतली, पण हत्यार अजून फुकट मिळतं. टास्क मॅनेजर लाजेकाजेस्तव थोडीच नावं दाखवतो. हे पडद्याआड चालणाऱ्या सेवा, यंत्राचे भाग चालवणारे ड्रायव्हर, ठरलेल्या वेळी उठणारी कामं, सगळं काढून मांडतं. यादी सरकता सरकेना. काका मागे टेकले. ‘‘भोपाळला वल्लभ भवनात एवढी पदं नसतील. बंद कर. हे बघायचं आपलं काम नाही.’’ पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

शेवटी काकांच्या तोंडी आदेशानं बैठकीचं ॲप, गाणी, भाच्याचं दुकान आणि ते आभाळवालं, एवढे निलंबित झाले. मुदत संपलेल्याला मी पुरतं काढलं आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे ना, त्याच्यावर सोडलं. प्रिंटरच्या वारसालाही, काका चपला घालायला वळले तेवढ्यात, मी डिसेबल करून टाकलं. रीस्टार्ट केलं, आणि खरंच, ठिपके थोडेच फिरले. पुढे काही दिवस मी उगीचच कॉम्प्युटर बंद-चालू करून बघत होतो. बायको म्हणाली, ‘‘अहो, बिघडेल तो.’’

मग कुठलासा अपडेट आला. बुंदीच्या ऑर्डरचं पत्र लिहायला बसलो तर ठिपके पुन्हा जुन्या चालीनं. यादी उघडली. निलंबित साहाय्यक आपल्या जागी मुकाट पडून होता. त्याच्याच खाली, नावापुढे नवा आकडा लावून, दुसरा बसला होता. एनेबल्ड. हाय.

काकांना जिन्यात गाठून सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

‘‘स्टे आणला त्यानं. मी बोललो होतो. आता मागचा पगारही मागेल. बुंदी किती किलो सांगितलीस?’’