खाशाबांच्या हॉलमध्ये बॅडमिंटन

दर गुरुवारी संध्याकाळी मी हेलसिंकीतल्या एका जुन्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतो. खेळतो म्हणजे धापा टाकतो. शेजारी सत्तरीतली मंडळी टेबल टेनिस खेळत असतात आणि मला पाहून हसत असतात. हा हॉल 1935 साली प्रदर्शनं भरवायला बांधला. आपल्याकडचा जत्रेचा मांडव म्हणा, फक्त पक्का. नाव होतं मेस्सुहाल्ली. याच छताखाली जुलै 1952 मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीच्या 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मी कऱ्हाडचा. गोळेश्वर आमच्या वेशीवर. तरी हे मला इथे दोन वर्षं राहिल्यावर कळलं, याची अजून लाज वाटते.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आणि आमच्या घरच्या ग्रुपवर रोज फड रंगायला लागला. 2036 चं ऑलिम्पिकही आपण मागतोच आहोत. मामांचं म्हणणं, गुजरातला एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम, मग कुस्तीच्या जिल्ह्याला काय? साताऱ्यालाही एक भव्य काहीतरी व्हायलाच पाहिजे. चुलतभाऊ दादा उलट टोकाला. त्याच्या मते ही सगळी उधळपट्टी, आधी तालमीत मॅट आणा. परवा दोघांनी मलाच मध्ये ओढलं: "तू ऑलिम्पिकच्या गावात राहतोस, तूच सांग."

तर सांगतो. मामा, तुमच्या मनातलं स्टेडियम आधी प्रेक्षकांसाठी बांधलं जातं, खेळणाऱ्यांचा विचार मागाहून. या हॉलचं उलटं झालं. खाशाबा आले तेव्हा तो सतरा वर्षं वापरात होता. ऑलिम्पिक इथे पंधरा दिवसांचं पाहुणं होतं. कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स सगळं इथेच उरकलं. पाहुणे गेले, प्रदर्शनं पुन्हा सुरू झाली. पुढे प्रदर्शनांना शहरात दुसरी मोठी जागा मिळाली आणि हॉल खेळांसाठी सगळ्यांना खुला झाला. उन्हाळ्यात मुलं ज्या उघड्या तलावात डुंबतात, तोही ऑलिम्पिकच्या पाच वर्षं आधीच, 1947 पासून सुरू होता.

दादा, पण तुझंही सगळं बरोबर नाही. शेजारचं मुख्य स्टेडियम खास ऑलिम्पिकसाठीच बांधलं, 1938 मध्ये, 1940 च्या स्पर्धा इथे व्हाव्यात या आशेने. महायुद्धाने त्या बुडवल्या. त्याचा मनोरा 72.71 मीटर उंच, 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या मात्ती यार्विनेनने भाला फेकला होता तेवढाच. (ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनापासून मानतो.) 1952 ला लाकडी गॅलऱ्या चढवून प्रेक्षकांची सोय सत्तर हजारांच्या घरात नेली. गर्दी गेली, लाकूड उतरलं. अलीकडे चार वर्षं स्टेडियम बंद ठेवून दुरुस्ती केली आणि खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेला. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही. पण मनोऱ्यावर चढून शहर बघायला लोक अजून जातात.

गर्दीपुरतं बांधायचं आणि मग उतरवायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, कडेने माणसांची भिंत उभी राहते, दुसऱ्या दिवशी ती भिंत आपापल्या गावाला. आपला घोळ होतो तो पक्कं बांधताना. तेव्हा उद्घाटनाची फीत आधी ठरते आणि रोज सकाळी कुलूप कोण उघडणार हे कधीच ठरत नाही. बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, 2008 ला तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ते टिकलं, कारण पुणं त्याच्या अंगावर येऊन वाढलं. साताऱ्याबाहेर माळावर तसलं काही उभं केलं तर सकाळी तिथे कोण जाणार, मामा? एसटी तरी जाईल का?

आता राष्ट्रकुलवालेही सावध झालेत. 2026 च्या स्पर्धांवर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने खर्चाला घाबरून 2023 मध्ये पाणी सोडलं. मग ग्लासगोने पुढे होऊन चार जुन्या जागांत दहाच खेळ घ्यायचं ठरवलं. नंतरची पाळी अहमदाबादची. तिथल्या आराखड्यात नवं बांधकाम किती याचीच चर्चा जास्त ऐकतो. जुनं किती वापरणार हे विचारणारे कमी.

आणि खुद्द गोळेश्वर? खाशाबांच्या नावाचं कुस्ती संकुल 2009 साली जाहीर झालं. 2017 मध्ये, संकुल होत नाही म्हणून, घरच्यांना ते पदक लिलावात काढायची भाषा करावी लागली. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, हे आम्ही शाळेत अभिमानाने सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते. मला तिथे भव्य काही नको. दोन मॅट, एक पत्र्याची शेड, बाजूला लाल मातीचा हौदा, आणि शेजारच्या शाळेची पोरं रोज पाचला आत. दादाची मॅटही आली, मामांचं संकुलही.

दूर बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं, हे मला कळतं. माझा कर इथे जातो, कऱ्हाडच्या नळाला पाणी येवो न येवो, मला त्याची झळ नाही. म्हणून ग्रुपवर भाषण न देता गुरुवारी हॉलचा बाहेरून काढलेला फोटो तेवढा टाकला. खाली लिहिलं, खाशाबा इथेच लढले.

पाच मिनिटांनी मामांचं उत्तर आलं: "हे? हे तर आपल्या मार्केट यार्डातल्या शेडसारखं दिसतंय रे."