साडेपाच तासांची साडेसाती

पंचांगात अधिक महिना असतो, क्वचित क्षयमासही येतो. शून्यावा महिना मात्र जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमधली पानं चालवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या, पंचांगात. तिथे जानेवारी म्हणजे ०, डिसेंबर म्हणजे ११, आणि तारीख मात्र शहाण्यासारखी १ पासून. ही खोड १९९५ साली शेजारच्या जावा या भाषेकडून उसनी आणली. जावानं १९९७ सालीच आपल्या त्या तारखेच्या कोडमधल्या बहुतेक पद्धती मोडीत काढल्या. उसनी वाटी आमच्या फडताळात राहिली ती राहिलीच.

महिन्याचं एक वेळ सोडा, एक मिळवला की भागतं. माझा खरा वैरी म्हणजे फॉर्मवरचा जन्मतारखेचा रकाना. कॅलेंडरवर १५ मार्च २०२४ निवडलं की बरीच कॅलेंडरं हातात तारीख ठेवतच नाहीत, क्षण ठेवतात: भारतातली मध्यरात्र. तो सर्व्हरकडे धाडायला टूआयएसओस्ट्रिंग (क्षणाचा मजकूर करणारी आज्ञा) वापरलं की साडेपाच तास वजा होऊन यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, उमटतं १४ मार्च, १८:३०. पलीकडच्यानं पहिली दहा अक्षरं कापून डेटाबेसात टाकली, की बाळ आदल्या दिवशी जन्मलं. आता नक्षत्र बदललं तर शांत कोणी करायची?

उलट वाटेचा रोग तर भारतात दिसतच नाही. जावास्क्रिप्टमधल्या तारखा सांभाळणाऱ्या 'डेट'ला नुसतं '२०२४-०३-१५' वाचायला दिलं, तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच. टेस्टिंग पास, पेढे वाटून मोकळे. न्यू जर्सीतली मावशी तेच पान उघडते, तर १४ मार्च! त्याच तारखेपुढे 'टी००:००' जोडलं, की मात्र स्थानिक मध्यरात्र. का, ते विचारू नये.

उपाय अगदी रुक्ष आहे. जन्मतारीख हा क्षण नव्हेच, म्हणून डेटाबेसातला कॉलम टाइमस्टॅम्पचा (तारीख अधिक वेळ) नको, नुसत्या तारखेचा हवा. पाठवताना गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट यांनी वर्ष, महिना, दिवस असे तुकडे काढा, महिन्यात १ मिळवा, एकेरी आकड्याआधी शून्य लावा आणि साधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, जोडा. जावास्क्रिप्टच्या तारखांसाठी आलेल्या नव्या टेम्पोरलमधल्या प्लेनडेटला तर घड्याळच नाही, सुखी जीव. टेस्ट मात्र एकदा टीझेड (टाइमझोन) न्यूयॉर्कचा लावून चालवाच.

एवढं जमलं की क्लायंट म्हणतो, तारीख मराठीत दाखवा. 'एमआर-आयएन' (भारतातल्या मराठीची खूण) दिलं की ब्राउझर ऐटीत '१५/३/२०२४' लिहितो, तेही देवनागरीत. मग कोणीतरी तीच स्ट्रिंग उचलून पुन्हा जावास्क्रिप्टच्या 'डेट'ला देतो. आपल्याच हातचं अक्षर त्याला लागत नाही: इनव्हॅलिड डेट.