त्या 30 डॉलरवर हसू नका

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकली. ‘जगातला सगळ्यात मूर्ख सौदा’, म्हणजे संगीतकाराने अख्खं गाणं 30 डॉलरला विकलं तो. मागे तेच गाणं, ‘बाय मिर बिस्ट दू शेन’, वाजतंय, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत.

ज्याला मूर्ख म्हणताय तो शोलोम सेकुंडा. जन्म 1894चा, आजच्या युक्रेनमधला. पोरवयात घरच्यांबरोबर अमेरिकेत आला, पुढे न्यूयॉर्कच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीचा संगीतकार झाला. 1932 साली एका यिडिश संगीत नाटकासाठी त्याने ही चाल बांधली, शब्द जेकब जेकब्सचे. पुढे गाण्याचे सगळे हक्क प्रकाशकाला विकले 30 डॉलरला. तेही दोघांत वाटून.

मग सॅमी कान या गीतकाराने न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात दोन कृष्णवर्णीय गायकांना ते चक्क यिडिशमध्ये गाताना ऐकलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. त्याने आणि त्याचा जोडीदार सॉल चॅप्लिनने इंग्रजी शब्द बसवले, 24 नोव्हेंबर 1937ला अँड्र्यूज भगिनींनी डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलं, आणि मिनीॲपोलिसच्या त्या तिघी बहिणींचं नाव घरोघरी झालं. जानेवारी 1938मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ बँडने ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. त्यात झिगी एल्मनचा ट्रम्पेट मधेच ज्यू लग्नाच्या वरातीत शिरतो, तेवढं तरी ऐका. गाण्याने लाखो डॉलर कमावले. चाल बांधणाऱ्याच्या वाट्याला 15.

मला राग का येतो, सांगते. माझ्या मामाने एक गणपतीचं गाणं बांधलं होतं. कॅसेटवाल्याने 400 रुपये हातावर ठेवले, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेतली. मामीने त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचं भागवलं. कॅसेट आली तेव्हा मामाने कव्हर उलटसुलट करून पाहिलं. गायकाचं नाव होतं, वादकांची होती. संगीतकारासमोर छापलं होतं ‘पारंपरिक’. मामा समोर बसलेला, जिवंत!

त्याला मूर्ख म्हणाल? म्हणून दाखवा माझ्यासमोर.

मान्य, सही त्यांनीच केली होती. इंग्रजी शब्द आणि त्या बहिणींचे गळे नसते, तर गाणं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनबाहेर कदाचित गेलंही नसतं, हेही मान्य. पण एकरकमी घ्या नाहीतर निघा, एवढंच समोर असताना घरखर्च डोक्यावर असलेला माणूस काय करणार? वकील लावणार? हिशोब ठाऊक होता तो विकत घेणाऱ्याला. हसायचंच तर त्याच्या दानतीवर हसा.

सेकुंडाच्या आईबद्दल एक गोष्ट सांगतात. लेकाच्या हातून एवढं गेलं ते आपल्याच कुठल्यातरी पापामुळे, असं त्या माउलीने धरलं, आणि वर्षानुवर्षं रोज सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाऊन क्षमा मागत राहिली. ही गोष्ट वाचताना मला मामी दिसते. ‘तेव्हा पैशाची नड नसती तर’ एवढंच ती म्हणायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. घेणारे निवांत झोपले आणि अपराधी वाटलं ते या दोघींना.

अमेरिकेत तेव्हा कॉपीराइटची पहिली मुदत 28 वर्षांची होती. ती 1961 साली संपली आणि हक्क सेकुंडा-जेकब्सकडे परत आले. उशिरा का होईना, आले. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचा आधार मिळाला. चांगलंच झालं. मामा त्याआधीच गेला होता.

त्याचं गाणं अजून वाजतं. गेल्या वर्षी आमच्या कोपऱ्यावरच्या मंडपात वाजत होतं, मी आरतीचं ताट हातात घेऊन उभीच राहिले. पोरं मस्त नाचत होती. त्यांच्यावर कसला राग? मामाला बघायला आवडलं असतं.

पण ग्रुपवरच्या शहाण्यांनो, ती रील काढा. आणि तुमच्यापैकी जे मंडळाचं काम बघता, त्यांनी यंदा मला फोन करा. गाणं कुठलं ते सांगते. लावायच्या आधी माईकवरून मामाचं नाव घ्या.