स्पोर्ट्‌स कार उभी ठेवून टिकत नाही

‘स्पोर्ट्‌स कार रोज चालवली की इंजिन संपतं, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा,’ असा मेसेज साताऱ्यात फिरतोय. हे चूक आहे, आणि तो सल्ला तर घातकच. पाच मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही. त्यात साचलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश तसाच राहतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात.

रोज चालवा, फक्त इंजिन तापू द्या. समर्थ मंदिर सोडताच यवतेश्वरचा घाट लागतो. तिथे थंड इंजिन ताणू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून किलोमीटर कमी झाले तरी साधारण 2 वर्षांनी बदला, नाहीतर घाट उतरताना ब्रेक दगा देतील. रोज चालवली की खर्च जास्त येतो, हे मात्र खरं.