काजूला वारा पुरतो, माशीला ऊन बाधत नाही?

काजूचा हंगाम जवळ आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश हमखास फिरतो: 'हवामानबदल आणि मधमाश्या हे शहरी लोकांचं खूळ. काजूच्या परागीकरणाला वारा पुरतो. आपल्या माश्या उष्ण मुलखातल्याच, दोन अंशांनी त्यांना काय होतंय? आणि झालंच काही, तर मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवा.' माझ्याच नात्यातल्या तिघांनी तो मला पाठवला, म्हणून हे उत्तर.

भाताला माशी लागत नाही, हे खरं. काजूचं तसं नाही. त्याचा पराग चिकट, वाऱ्यावर फारसा उडत नाही. तुऱ्यात नरफुलं पुष्कळ, फळ धरणारी फुलं थोडी. खात्री करायची तर कळ्या उमलण्याआधी एका तुऱ्याला मच्छरदाणीचं कापड बांधा, शेजारचा मोकळा ठेवा आणि नंतर दोन्हींवरच्या बिया मोजा.

उन्हाचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून तोच जास्त फसवतो. उष्ण मुलखातले कीटक आधीच आपल्या सोसण्याच्या वरच्या टोकाजवळ जगतात. थंड देशातल्या किड्याला दोन अंश वाढले तर कदाचित मानवतील, इथल्याला ते जड जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातूनही हेच दिसलं. सातेरी माशीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीला, पोळ्यात पिल्लांसाठी साधारण ३३ ते ३६ अंश राखावे लागतात. बाहेर पारा ३८ वर गेला की कामकरी माश्या पाणी आणत बसतात, पंखांनी वारा घालतात. तेवढा वेळ फुलांचा जातो. माशी मरायलाच हवी असं नाही. ती फुलावर आली नाही तरी बी धरत नाही. त्यात कडक उन्हाने फुलातला रस आटतो, परागाचा जोमही कमी होतो. दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी पाहिली, तर २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासून तोवरचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. नेमका काजूच्या फुलोऱ्यात. पुढच्याच महिन्यात गोव्यात शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या, आणि म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. सुक्या लाकडात घर कोरणाऱ्या भुंग्याने तेव्हा कुठे जायचं?

ढगांबद्दल तर संदेशात अक्षरही नाही. अवेळी ढगाळलं की ढेकण्या हा काजूवरचा किडा वाढतो, तुरे करपतात, मग भर फुलोऱ्यात सकाळीच फवारणी होते. त्यात किडीबरोबर माशीही मरते.

पेट्या जरूर ठेवा. पण आजूबाजूला फुलं नसली की सातेरी पेटी सोडून निघून जाते. शिवाय सगळी कामं तिची नव्हेत. वांग्याचा पराग केसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. तो झटकायला फुलाला बिलगून अंग थरथरवणारी माशी लागते. पेटीतल्या माशीला ते जमत नाही. गोव्यातल्या आगशी गावची वांगी आपण कौतुकाने खातो; वांग्याच्या फुलावरचं हे काम भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या करतात. त्यांना पेटी नको, बांधावरची मोकळी माती आणि कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेचं वाळलेलं लाकूड हवं. बागायत साफ करताना आपण पहिल्यांदा तेच जाळतो.