तोंड दाबून टचडाऊन

२०२२ च्या जानेवारीत आमच्या घरात दोनच कायदे होते. बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, हा पहिला. पोरगी झोपलेली असताना तोंडातून आवाज काढायचा नाही, हा दुसरा. दोन्ही कायदे सासूबाईंनी इचलकरंजीहून येताना बॅगेत डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी नीट बसवून आणले होते. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. दुसऱ्याने मात्र २२ आणि २३ तारखेला माझा जीव घ्यायचा बाकी ठेवला.

आम्ही राहतो बफेलोत. न्यूयॉर्क म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात. आमचं गाव त्याच राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नायगारा धबधब्याच्या शेजारी. इथे दोन गोष्टी नेमाने पडतात: बर्फ आणि आमची टीम. बफेलो बिल्स हे त्या टीमचं नाव. अमेरिकन फुटबॉलची फायनल म्हणजे सुपर बोल. ती या टीमने एकदाही जिंकलेली नाही. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं तिथवर पोचून चारही वेळा हात हलवत परत आली. बोहल्यापर्यंत जायचं आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत नवरीने पळून जायचं, तेही ओळीने चार वर्षं! अशा गावात राहून फुटबॉलचा नाद लागू नये, हे अशक्यच. मला तो नक्की कधी लागला ते सांगता येत नाही. ऑफिसात दोन वर्षं नुसती मान हलवत होतो. तिसऱ्या वर्षी बघतो तर मी पंचाला मराठीत शिव्या देत होतो.

आमचं घर लाकडी, दुमजली. वर आम्ही, खाली घरमालक. वय ७१, पोलाद कारखान्यातून निवृत्त, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बिल्सच्या चारही फायनली पाहिलेले. मालक सामना केबलवर बघतात. मी केबलचे पैसे वाचवायला इंटरनेटवर बघतो, आणि इंटरनेट साधारण चाळीस सेकंद मागे असतं. म्हणजे जे काही घडायचं ते आमच्या घरात आधी खाली घडतं आणि मग वर येतं. ज्योतिषाला म्हणे भविष्य दिसतं. मला ते ऐकू येतं, पायाखालच्या फळ्यांमधून. त्या भाषेचा मी अभ्यासही केला होता. लांबलचक ‘आऽऽऽ’ आणि पायांचा दणदणाट म्हणजे आमचा टचडाऊन, चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. टेबलावर एक मूठ म्हणजे समोरच्यांनी चांगला झेल घेतला. येशूचं नाव निघालं की समजायचं, पंचाने शिट्टी मारली.

“मग खालच्या आवाजाने ती उठत नाही का?” मी सासूबाईंना कायद्यातली पळवाट विचारली.

“तिनं पोटात असल्यापासून त्यांचं ओरडणं ऐकलंय. तिच्या लेखी तो पाऊस आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज नवा आहे.”

एकोणीस दिवसांच्या मुलीला बापाचा आवाज नवा! पण बाळंतिणीच्या आईशी वाद घालणारा जावई अजून जन्मायचाय. मी एक दुपटं उचललं, घडी घालून दातांत धरलं आणि सोफ्यावर बसलो.

प्लेऑफचा हा दुसरा आठवडा. इथे हरलं की बिऱ्हाड गुंडाळायचं, दुसरी संधी नाही. शनिवारी दोन सामने, रविवारी दोन. आमचा शेवटचा. म्हणजे आधीचे तीन मला निवांत बघता यायला हवे होते. पण त्या दोन दिवसांत निवांत असं काही घडायचंच नव्हतं.

पहिल्यात सिनसिनाटीच्या बेंगल्सनी टेनेसीला १९–१६ हरवलं, अगदी शेवटच्या किकवर. त्यात बेंगल्सच्या चेंडू फेकणाऱ्या जो बरोला समोरच्यांनी नऊ वेळा चेंडूसकट आडवं केलं. सासूबाई तेव्हा समोर शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचं माहेर कोल्हापूरचं, खासबागेच्या कुस्त्या लहानपणी पाहिलेल्या. “चेंडू उगीच ठेवलाय मधे, कुस्तीच आहे ही,” असा निवाडा त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत देऊन टाकला होता. सामना संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “नऊ वेळा पाठ लागलेला जिंकला कसा?”

मला याचं उत्तर देता आलं नाही. टेनेसीलाही आलं नसावं.

दुसरा सामना ग्रीन बेला, बर्फात. तिथे आमचा थेट नातेसंबंध आहे. मिलवॉकीच्या माझ्या मावसभावाने डिसेंबरात त्या पॅकर्स टीमचा शेअर घेतला होता, रोख ३०० डॉलर मोजून. पॅकर्सना कुणी एक शेठ नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो विकता येत नाही आणि त्याचा भाव कधी वाढत नाही. थोडक्यात, आपला सहकारी साखर कारखाना. फरक इतकाच की कारखान्यात सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर तरी मिळते. भाऊ मात्र प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराशेजारी लावून बसलाय. त्या रात्री त्याच्या टीमने शेवटच्या पाच मिनिटांत एक किक अडवून घेतली, तिच्यावर टचडाऊन खाल्ला आणि मग शेवटच्या क्षणी फील्ड गोलवर, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकवर, १३–१० असा सामना घालवला. ती किक होत असताना पॅकर्सचे अकराऐवजी दहाच गडी मैदानात होते. अकरावा कुठे होता? भावाचा रात्री साडेअकराला निरोप आला, “वार्षिक सभेत विचारणार आहे.” तो खरंच विचारणार होता.

रविवारी दुपारी टँपा. तिथे त्यांचा चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी, वय ४४. हा गृहस्थ कारकिर्दीत बिल्सविरुद्ध ३३ सामने जिंकला आणि फक्त ३ हरला. त्यामुळे बफेलोत पोरं जेवत नसली की त्यांना बागुलबुवा म्हणून त्याचंच नाव सांगत असावेत. तर त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी त्याच्यावर २७–३ अशी आघाडी घेतली. खालून मालकांचं हसू ऐकू येत होतं. मग हसू कमी झालं. मग टेबलावर एक मूठ. मग दुसरी. ४२ सेकंद उरले तेव्हा २७–२७! या माणसाने पाच वर्षांपूर्वी २८–३ वरून सुपर बोल फिरवलेली. मी दुपटं चावून चावून त्याची पार कणीक केली. आणि एवढ्यात खालून नाच ऐकू आला. एक पाय जड, एक हलका, असा नाच. चाळीस सेकंदांनी वर रॅम्सची किक गेली, ३०–२७. पुढे आठवड्याभराने ब्रेडीने निवृत्ती जाहीर केली आणि चाळीस दिवसांत वानप्रस्थ आटोपून परत आला, पण तो वेगळा विषय.

तीन सामने, तिन्ही शेवटच्या किकवर, तिन्ही यजमान हरलेले. आम्ही तर पाहुणे होतो, कॅन्सस सिटीला. शकुन चांगला होता. हे मी मोठ्याने म्हणालो ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक तेलाची. तिसऱ्या डावात मालिशच्या तेलाची वाटी कोमट करून मी स्वयंपाकघराच्या दारात आलो, तेवढ्यात खालून ‘आऽऽऽ’ उठला. मी होतो तिथेच थिजलो. मग वर जॉश ॲलनने फेकलेला चेंडू घेऊन गेब्रियल डेव्हिस ७५ यार्डांचा टचडाऊन करून मोकळा झाला. आता मला दारातून हलता येणार नव्हतं आणि वाटीही खाली ठेवता येणार नव्हती. हे कुणाला समजावून सांगायचं? सचिन खेळत असताना वडिलांनी मला सांगलीच्या घरी न्हाणीच्या उंबऱ्यावर तासभर बसवून ठेवलं होतं. ही विद्या आमच्याकडे परंपरेने आली आहे.

“तेल गार व्हायलंय,” सासूबाई कुजबुजल्या.

“आई, आता हलता येणार नाही.”

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. “तुमचे सासरे त्र्याऐंशी साली रेडिओपुढे एका पायावर उभे होते,” एवढं म्हणून त्यांनी दुसऱ्या वाटीत तेल ओतून घेतलं. त्या क्षणापासून मी त्यांना सासू मानणं सोडून देऊन आई मानतो.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही २६–२१ मागे, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि अजून १३ यार्ड पुढे सरकायचं होतं. डेव्हिसने टचडाऊन केला, वर दोन गुण, २९–२६. मग त्यांचा टायरीक हिल ६४ यार्ड असा पळाला की आमचे लोक त्याच्या मागे बस चुकल्यासारखे धावत होते. ३३–२९. मग पुन्हा डेव्हिस, त्याचा चौथा टचडाऊन, ३६–३३. हे सगळं मला दोनदा सोसावं लागत होतं, आधी पायातून आणि मग डोळ्यांतून. तोंडात दुपटं, हातात वाटी. मी जागेवरच नाचलो. तेल गालिच्यावर सांडलं.

“संपलं?” आईंनी पाळणा हलवत विचारलं.

मी दुपटं काढलं. “संपलंच. तेरा सेकंद राहिलेत.”

“तेरा सेकंदांत दूध उतू जातं, जावईबापू.”

वर तेव्हा ट्रकची जाहिरात चालू होती. खाली टेबलावर मूठ पडली. मी म्हटलं, असेल, पाय आपटला असेल. दुसरी मूठ पडली. आणि त्यानंतर काहीच नाही. शिवी नाही, येशू नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. माझ्या अभ्यासात या आवाजाची नोंदच नव्हती. वर मग एकेक उलगडत गेलं. आमच्यांनी सुरुवातीची किक इतकी लांब मारली की घड्याळ हललंच नाही. गडगडती मारली असती तर चार-पाच सेकंद तरी खर्ची पडले असते, आणि यावर बफेलोत आजही न्हाव्याच्या दुकानात भांडणं होतात. मग त्यांच्या महोम्सचा हिलला १९ यार्डांचा पास, केल्सीला २५ यार्डांचा, ४९ यार्डांवरून फील्ड गोल. ३६–३६.

ओव्हरटाइमला नाणं उडवलं. ॲलनने टेल्स मागितलं, हेड्स पडलं. तेव्हाचा नियम असा की ज्याच्या हाती चेंडू आधी आला त्याने टचडाऊन केला की खेळ खलास. दुसऱ्याने नुसतं बघायचं. पंक्तीत पहिल्या पानावरच बासुंदी संपावी तसं. (दोन महिन्यांनी लीगने प्लेऑफपुरता तो नियम बदलला. बैल गेला नि झोपा केला.) वर चेंडू अजून पुढे सरकत होता, तेवढ्यात खालचा टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मी तरीही केल्सीने तो झेल घेईपर्यंत उभा राहिलो. ४२–३६. वाटीत थेंब नव्हता, पण मी ती सोडली नव्हती.

आणि पोरगी उठली. दोन दिवसांच्या गोंधळात जी हूं की चूं करत नव्हती ती, खालचा पाऊस एकाएकी थांबला म्हणून दचकून उठली आणि तिने असा काही टाहो फोडला की विचारू नका. आमच्या मजल्यावर ओरडायची परवानगी असलेली ती एकटीच होती. तिने सगळ्यांचं उरकून घेतलं.

कचरा टाकायच्या निमित्ताने मी खाली उतरलो. हाताला काय लागलं कोण जाणे, लाडवांचा डबाच घेऊन गेलो. बाहेर मालक फावड्याने अंगणातला बर्फ ओढत होते. अंगणात बर्फ नव्हता, तो सकाळीच काढून झाला होता. समोरच्या घरापुढेही कुणीतरी फावडं ओढत होतं. त्याच्या पलीकडेही. सगळ्या गल्लीत नुसता खरखर आवाज.

“९१ साली,” मालक वर न बघता म्हणाले, “आपल्या नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि एका गुणाने हरलो. दुसऱ्या दिवशी चौकात आम्ही हजारो लोक जमलो आणि त्यालाच पुढे बोलावलं. तो रडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.” थोडं थांबून म्हणाले, “आज टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?”

मला काही सुचेना. (त्याच आठवड्यात कॅन्सस सिटीच्या लोकांनी आमच्या गावातल्या मुलांच्या इस्पितळाला तेरा-तेरा डॉलर पाठवायला सुरुवात केली. मालकांनी ती बातमी वाचून एक शिवी दिली आणि स्वतःचेही तेरा पाठवले.) मी डबा पुढे केला.

“हे काय?”

“डिंकाचे लाडू. बाळंतिणीला देतात. अंगातली झीज भरून येते.”

मालकांनी हातमोजे काढले, खिशात ठेवले. एक लाडू उचलला, अंगणातल्या दिव्याखाली फिरवून पाहिला. मग आणखी चार घेतले, एकेक करून, मोजत.

सकाळी आईंनी डबा उघडला आणि मला हाक मारली. “अहो, खाली कोण बाळंत झालंय?”